खिळ्यावरची टोपी

तलासरी, १२ जुलै २०२५

लडक्यादादा,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. माझा फोन तू ब्लॉक केलास, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आता उघडलंच आहेस तर वाचून घे, मग खुशाल चुलीत घाल. हिरावहिनीला भाकरी भाजायला तेवढाच जाळ.

माझी बदली झाली, तलासरीला. म्हणजे तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर नाही, पण एका एसटीच्या अंतरावर आले. आणि ड्यूटी ऐकशील तर हसशील. शाळेची. मंगळवारी आणि शुक्रवारी डोंगराकडच्या आश्रमशाळेत जायचं, मुलींशी बोलायचं, कोणाला काही त्रास असेल तर ऐकायचा. पोलीस दीदी म्हणायचं मला. आमच्या साहेबांनी हुकूम देताना विचारलं, शाळेत पोलिसाचं काय काम असतं, तुला काही कळतं का? मी म्हटलं, नाही साहेब. ते म्हणाले, मलाही नाही, पण वरून आलंय.

पहिल्या दिवशी गाडीतून उतरले आणि मैदान रिकामं. पोरं खिडक्यांतून पळाली, संडासामागे लपली, काही तर सरळ डोंगराला लागली. शिपाईमामा त्यांच्यामागे धावतोय, मी मध्येच उभी. आधी हसू आलं. मग नाही आलं. बांधावर खाकी दिसली की आई 'पळा' म्हणायची आणि तू मला पाठीवर घेऊन डोंगर चढायचास, ते आठवलं. तेव्हा ज्याच्यापासून पळायचो, ते आता मीच होते.

मुख्याध्यापक जतीन सर डहाणूकडच्या चिकूवाडीवाल्या घरातले. माणूस वाईट नाही, पण घाबरट, पान हललं तरी दचकतो. त्यांना माझं येणं भारी आवडलं. म्हणाले, बरं झालं मॅडम, जरा धाक बसेल, दर खेपेला दोघातिघांना दम देऊन जात जा. म्हणजे ह्यांना दीदी नको, बागुलबुवा हवाय. मी चहा प्यायले आणि काही बोलले नाही. माझी जीभ तुला ठाऊक आहे, तेव्हा गप्प बसायला किती कष्ट पडले असतील ते समजून घे.

तू काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. जमिनीच्या सर्व्हेच्या दिवशी लाठ्या पडल्या तेव्हा मी ट्रेनिंगला होते. तुझ्या डाव्या मनगटावर कोणी मारलं, मला ठाऊक नाही, तुकडी बाहेरून आली होती. पण सुट्टीत मी घरी आले तर तू हात गळ्यात बांधून दारात उभा. "ती टोपी ह्या पडवीत टांगायची नाय," म्हणालास. "टोपी टाकून येशील तर ये." दादा, टोपी टाकून आले असते तर अर्धीच आले असते. मी दारातूनच मागे फिरले. चौथं वर्ष चालू आहे. तू हट्टी, तर मीही त्याच बापाची पोर. ज्या दिवशी टोपीसकट बोलावशील त्या दिवशी येईन.

सुनिता


तलासरी, २३ ऑगस्ट २०२५

लडक्यादादा,

तू उत्तर पाठवलं नाहीस आणि मी वाटही बघितली नाही. हे खोटं आहे, पण लिहायला बरं वाटतं.

परवा कोर्टाच्या कामाने डहाणूला गेले होते. बाजारात हिरावहिनी भाजी घेऊन बसलेली दिसली. तिने मला काही सांगितलं नाही, उगाच तिच्यावर डाफरू नकोस. माझं पत्र चुलीत गेलं नसून भाताच्या कणगीत गेलंय, हे मला आपोआप कळलं. पोलीस आहे मी, तपास करता येतो.

आता शाळेचं ऐक. दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले. गाडी फाट्यावर सोडली, चालत गेले. व्हरांड्यात एक खिळा आहे, घंटा टांगायचा, घंटा कधीच गेली. त्या खिळ्याला टोपी लावली आणि मैदानात जाऊन एकटीच खो-खोच्या खांबाभोवती पळायला लागले. पोरं खिडकीतून बघतायत, ही बाई वेडी की काय. थोड्या वेळाने एक पोरगी आली आणि म्हणाली, "बाय, असं नाय पळत. खांबावर हात टेकून वळायचं." आणि वळून दाखवलं. तिचं नाव रूपी. नववीत आहे. काटकुळी, पण सूर मारते तेव्हा घार झडप घालते तशी. तिच्या मागून बाकीच्या आल्या.

तेव्हापासून आमची रीतच पडली. टोपी खिळ्याला, दीदी मैदानात. टोपी खिळ्यावर असली की मी त्यांची, डोक्यावर असली की सरकारची. खेळून दमल्या की त्या बोलतात. कोणाला रस्त्यावर मोटारसायकलवाले पोरगे त्रास देतात, कोणाच्या पोटात दुखतं पण सरांना कसं सांगायचं. एकीचं तर सोळा व्हायच्या आत घरचे लग्न ठरवतायत. ते थांबवलं, कोणाला न ओरडता, तिच्या मामाच्या पडवीत बसून चहा पिऊन. पोलीस ठाण्यातली पोरं चिडवतात, खो-खोचा पगार घेतेस. घेते. चांगली खेळते म्हणून देतात.

रूपीची धाकटी बहीण भारती सहावीत आहे. ती खेळत नाही, खिळ्याखाली बसून टोपीवरचा बिल्ला बघत राहते. हात लावू का विचारते. मी म्हणते लाव. मग लाजून पळते. तुझ्या धाकटीसारखी आहे, म्हणजे माझी भाची आता केवढी झाली असेल, त्याचा अंदाज मी तिच्यावरून बांधते.

सुनिता


तलासरी, १५ नोव्हेंबर २०२५

दादा,

माझी टोपी गेली.

काल बालदिन होता. भाषणं झाली, लाडू झाले, मग खो-खो. खेळून व्हरांड्यात आले तर खिळा रिकामा. रिकामा म्हणजे अगदी रिकामा नाही. खिळ्याला शिंदीची हिरवी पात गाठ मारून अडकवलेली. जतीन सरांनी ती बघितली आणि दोन पावलं मागेच सरले. म्हणाले, कोणी हात लावू नका, ही करणी आहे.

दादा, मला हसू फुटलं, टोपी गेली असताना. सरांना समजावलं की आमच्या पाड्यांवर दाराला कुलूप नसतं. शेजारी शेतावर गेला असेल आणि आपल्याला कोयता हवा असेल, तर कोयता घ्यायचा आणि जागेवर शिंदीच्या पातीची गाठ ठेवायची. म्हणजे वस्तू चोरीला गेली नाही, माणसाने नेलीय, आणि तोच आणून देणार. मागायला जायचं नाही. मागायला गेलं तर नेणाऱ्याच्या तोंडावर त्याला चोर म्हटल्यासारखं. त्याने आणून दिलं की गाठ सोडायची. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, मॅडम, तुमची रीत चांगली असेल, पण ही पोलिसाची टोपी आहे, कोयता नाही. उद्या कोणी ती घालून कोणाला लुबाडलं तर?

त्यांना सगळ्या पेट्या उघडायच्या होत्या. मी म्हटलं, एकाही मुलीची पेटी उघडायची नाही. आज पेटी उघडली तर उद्या तोंड कोण उघडेल? त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मला चार हातांवरून ऐकू येत होता. टोपी म्हणजे काय रुमाल आहे का, म्हणाले. मंगळवारी मी स्वतः येतो. तोवर टोपी नाही मिळाली तर शाळेची ड्यूटी बंद, आणि तुझी चौकशी. जतीन सरांनीही ऐकवून ठेवलंय, जी कोणी सापडेल तिच्या हातात शाळेचा दाखला देणार.

गाठ मी पुन्हा पुन्हा बघितली. घराघराची गाठ निराळी असते. तुझी मला डोळे मिटून ओळखता येईल, डावखुऱ्याची, शेंडी उलट्या बाजूला. ही तुझी नव्हती. तुझी कशी असेल म्हणा, पण आधी तेवढंच बघितलं. वेडी आशा असते.

शनिवार-रविवारसाठी बऱ्याच मुली घरी गेल्यात, रूपीसुद्धा. तिची आजी आजारी आहे म्हणाली. भारती तर दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही. विचारलं तर येईल म्हणतात.

टोपीवाचून डोकं कसंतरीच वाटतंय. तुला बरं वाटत असेल तर वाटू दे. पण मी मागायला जाणार नाही. गाठ ठेवलीय तिने, मी थांबणार.

सुनिता


तलासरी, १८ नोव्हेंबर २०२५

दादा,

जिंकले. आधी हे वाच, मग बाकीचं सावकाश वाच.

आज मंगळवार. साहेब माझ्यासोबत गाडीत. शाळेत शिरलो तर टोपी खिळ्यावर. बिल्ल्याला कुंकवाचं बोट लागलेलं. खाली रूपी उभी, हातात सोडलेली गाठ, आणि ओठ असे मिटलेले की आता हिला मारलं तरी रडणार नाही. जतीन सर साहेबांच्या पुढे झाले आणि म्हणाले, हीच ती, दाखला लिहून ठेवलाय.

मी म्हटलं, आधी ती बोलेल.

तिने जे सांगितलं ते असं. दिवाळीत पांढऱ्या जीपमधून एक माणूस त्यांच्या पाड्यावर आला. मिठाई आणली, तिच्या आईला साडी आणली. म्हणाला, भारतीला शहरात बंगल्यात ठेवतो, लहान मूल सांभाळायचं, तिथल्या शाळेतही घालतो. बाप हाल्या गुजरातेत बोटीवर खलाशी, पावसाळ्याआधी घरी यायचा नाही. आई एकटी, निम्मी भुलली. गेल्या वर्षी ह्याच माणसाने रूपीच्या मावसबहिणीला नेलं, तिचा फोन तेव्हापासून लागत नाही. रूपीने आईला सांगून बघितलं. आई म्हणाली, तू पोर आहेस, तुला काय कळतं. रविवारी जीप येणार होती भारतीला न्यायला.

मला राग आला, दादा. मी विचारलं, दर खेपेला पोटातलं सगळं सांगतेस, मग हे मला का नाही सांगितलंस? ती जमिनीकडे बघत म्हणाली,

"तुम्ही गाडी घेऊन पाड्यावर आला असता. सगळा पाडा डोंगरात पळाला असता, आयसपण. मग तो भारतीला डोंगरातूनच घेऊन गेला असता. टोपी एकटी आली तर फक्त तोच भिणार."

साहेब बसले. खुर्ची नव्हती, व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

रविवारी तिने टोपी त्यांच्या पडवीतल्या खुंटीला टांगली. खाली धोंडी आजी वाल सोलत बसली. जीप आली. माणूस पडवीत शिरला आणि टोपी बघून उभाच राहिला. विचारलं, ही कोणाची? आजीला रूपीने शिकवून ठेवलं होतं. म्हणाली, आमच्या पोरींच्या शाळेतल्या बायची, आत भाकर खाते. तो वळला तो थेट जीपमध्ये. आजी मागून हाका मारतेय, अरे बाबा, चा तरी पिऊन जा. आणि गंमत ऐक, जे रूपीने महिनाभर सांगून झालं नाही ते आईला एका क्षणात कळलं. म्हणाली, चांगल्या कामाला आलेला माणूस नुसत्या टोपीला कशाला भिईल? तिने साडी उचलून जीपच्या मागे फेकली. कुंकवाचं बोट आजीचं.

जतीन सर म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण चोरी ती चोरी. मी म्हटलं, टोपी माझी. माझी वस्तू चोरीला गेली असं मी म्हणायला हवं, आणि मी म्हणत नाही. तिने गाठ ठेवून नेली, कोणी न मागता आणून दिली. साहेबांनी हात वर करून आम्हा दोघांना गप्प केलं आणि रूपीला एकच विचारलं, टोपी डोक्यावर घातलीस का? मी रूपीच्या तोंडाकडे बघितलं. कारण घातली असती तर तो गुन्हाच.

"नाय," रूपी म्हणाली. "घालायची तुमची. मी फक्त टांगली."

साहेब हसले. मी त्या माणसाला आल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं. जतीन सरांना म्हणाले, तो दाखला फाडा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, शाळेत पोलिसाचं काय काम ते मला आता कळलं, तुला कळलं का? मी म्हटलं, मला खो-खोतच कळलं होतं साहेब.

अजून एक. जीपचा नंबर रूपीने घराच्या कुडावर कोळशाने लिहून ठेवलाय. उद्या तिच्या पाड्यावर चाललेय. चालत, टोपी हातात घेऊन.

सुनिता


तलासरी, ३० नोव्हेंबर २०२५

लडक्यादादा,

मागची दोन पत्रं तुला एक दिवस आड मिळाली म्हणे. मधल्या त्या दिवशी तू पोस्टमनला रस्त्यात गाठून विचारलंस, तलासरीहून काही आलंय का. वहिनीने नाही सांगितलं. पोस्टमनने सांगितलं. आता त्यालाही ब्लॉक कर.

तर ऐक. पांढरी जीप सापडली. हायवेवर, गुजरातच्या हद्दीच्या अलीकडे. त्यात आमच्याच भागातल्या दोन पोरी होत्या, नवीन कपडे घालून, हातात बिस्किटाचे पुडे. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. मी मागच्या सीटवर त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. एकीने विचारलं, बाय, आमचं काय चुकलं? मी म्हटलं, तुमचं काही नाही गं, तुम्ही बिस्किटं खा. त्या माणसावर गुन्हा दाखल झाला. सुरुवातीला ताठ होता, मी फक्त कामगार पुरवतो म्हणत होता. साहेबांनी बसवून ठेवला. संध्याकाळपर्यंत पोपटासारखा बोलायला लागला. रूपीची मावसबहीण हद्दीपलीकडच्या शहरात एका घरात सापडली. वाळून काटकी झालीय, पण आली. ती एसटीतून उतरली तेव्हा धोंडी आजीने तिला जवळ घेतलं आणि मग माझ्याकडे वळून माझ्याही गालावरून हात फिरवला. तो हात अजून गालावर आहे.

पाड्यावर गेले त्या दिवसाचं लिहायचं राहिलं. बांधावरून चालत गेले. टोपी हातात. लोकांनी बघितलं. एक म्हातारा उठून उभा राहिला, मला वाटलं झालं, आता पळणार. तो आत गेला आणि बसायला बाज घेऊन आला.

कोणी पळालं नाही, दादा. एकही नाही.

मी बाजेवर बसले आणि मला रडू आलं. त्या बायांना वाटलं बाय दमली, म्हणून पाणी दिलं. नोकरीत पदक मिळालं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. ते लोक माझ्या खाकीला भिऊन गप्प बसले असते तर ओळखता आलं असतं मला. भिऊन बसलेला माणूस बाज आणत नाही.

आणि जतीन सर. ज्यांना मी घाबरट म्हटलं, त्यांनी घरचा चिकूचा टेम्पो काढला. दिवाळीनंतर न आलेल्या पोरांच्या घरी स्वतः फिरले, क्रेटच्या जागी पोरं बसवून आणली. भारती पहिल्याच फेरीत आली. त्यांना मी म्हटलं, सर, मानलं तुम्हाला. ते म्हणाले, मॅडम, मीच भारतीला 'येईल' म्हणत बसलो होतो, मी तेव्हाच गेलो असतो तर टोपी न्यायची वेळ आली नसती. असं बोलायला छाती लागते. घाबरट शब्द मी परत घेते.

सुनिता


तलासरी, १० जानेवारी २०२६

दादा,

आज थोडंच लिहिते. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन आहे, नंतर मुलींचा खो-खोचा सामना, मुली विरुद्ध पोलीस. आमच्या ठाण्यातले ते चिडवणारे सगळे खेळणार आहेत. मुली त्यांना धूळ चारणार, ह्यात मला शंका नाही. रूपी कप्तान.

पाड्यापाड्यावरून लोकांना बोलावलंय. तुलाही बोलावतेय. बोलायला नको, नुसतं बघायला ये. गर्दीत मागे बस, मी शोधणार नाही. ते लोक यायला लागले, तर आपल्या गंजाडहून एक माणूस का येऊ नये, असं माझ्या मनात येतं. मग तुझा हात आठवतो आणि मी मनाला गप्प करते. त्या हाताचं मी काही करू शकत नाही, दादा. ज्याने मारलं त्याच्या वतीने माफी मागायचा हक्क मला नाही. पण माझ्या खिळ्यावरच्या टोपीवर त्याचा डाग नाही, हे मी छातीला हात लावून सांगते.

वहिनीला सांग, सरावलीच्या माहेराहून तिने आणलेला आंबोशीचा डबा मिळाला. तुला ठाऊक नसेल तर आता झालं.

सुनिता


तलासरी, २६ जानेवारी २०२६

दादा,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तरी लिहितेय, कारण हात थांबत नाही.

झेंडावंदन झालं. टोपी घालून सलामी दिली, मग टोपी खिळ्याला, दीदी मैदानात. लोक एवढे आले की कंपाउंडवरही बसले. धोंडी आजी अगदी पुढे, साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर, साहेबांना वालाच्या शेंगा देत होती. सामना सांगण्यासारखा नाही, एकतर्फीच झाला. रूपीने आमच्या सगळ्यात मोठ्या हवालदाराला असा सूर मारून बाद केला की तो धुळीत बसून टाळ्या वाजवत होता. भारतीने पहिल्यांदा खो दिला, मोठ्याने, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा. मुली जिंकल्या. त्यांना खांद्यावर घेऊन नाचलो आम्ही.

मी शोधणार नाही म्हटलं होतं. खूप शोधलं. दिसला नाहीस.

घाम पुसत व्हरांड्यात आले आणि जतीन सर पांढरेफटक उभे. म्हणाले, मॅडम, पुन्हा.

खिळ्यावर टोपी नव्हती. शिंदीची पात होती.

मी हातात घेतली. शेंडी उलट्या बाजूला. आणि गाठ सैल. दादा, तुझी गाठ कधी सैल नसायची. तुझी गाठ सोडवायला मला दात लावावे लागायचे. डाव्या हाताची बोटं मिटत नसतील, तर शिंदीची पात किती वेळ धरून बसला असशील, कितीदा सुटली असेल, तिथे त्या गर्दीत, एकटा. मी खाली बसले. जतीन सर पाणी आणायला धावले. रूपी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली,

"एक बाबा आले होते. टोपी काढली तेव्हा मी ओरडणारच होते. पण ते पात बांधायला लागले, म्हणून गप राहिले. त्यांना जमत नव्हतं, तर मी विचारलं, मी बांधू का? ते म्हणाले, नाय, ही माझीच पायजे."

मग तिने मला विचारलं, बाय, तुम्ही हसताय का रडताय? मी म्हटलं, जे दिसतंय ते.

आता कुठे असेल ती टोपी? एसटीत, तुझ्या मांडीवर, पिशवीत घालून नेली असशील, का सगळ्यांना दिसेल अशी? तुझ्या हातातून वहिनीने घेतली असेल. माझ्या भाचीने घालून बघायचा हट्ट धरला असेल. घालू देऊ नकोस, घालायची माझी. टांगू दे फक्त. पडवीतली डावीकडची खुंटी, जिथे बापाची टोपली असायची, ती असेल तर बरं.

आपली रीत मला पाठ आहे. गाठ ठेवणाऱ्याने आणून द्यायचं, मागायला जायचं नाही. म्हणून मी मागायला येत नाहीये. उद्या सकाळच्या एसटीने नुसती येतेय. गाठ पदराला बांधून आणते, तुझ्या समोर सोडीन, दात लावायला लागणार नाहीत.

संध्याकाळी साहेबांनी मला उघड्या डोक्याने बघितलं. म्हणाले, आता टोपी कुठे? मी म्हटलं, साहेब, घरी राहिली. ते म्हणाले, मग जा, क्वार्टरवरून घेऊन ये.

मी म्हटलं, "क्वार्टरवर नाही साहेब. घरी. गंजाडला."

सुनिता